गठाणघरातली तिची जागा

धान पिवळा पडला की माझे पाय घरात ठरत नाहीत. या वयात धानाला मी काय करणार आहे? कापणारे कापतात, बांधणारे बांधतात. तरी सकाळपासून मी अंगणातून बांधावर आणि बांधावरून अंगणात असा फिरतो आहे. सून कापणीसाठी चांद्याहून आली आहे. ती म्हणाली, "मामाजी, तुमी बसत काऊन नाई? पेज थंडी होऊन राह्यली." मी म्हणालो, "बसतो." आणि परत निघालो.

बसणं मला कधी जमलं नाही. उभ्यानं जेवणारा माणूस मी. पार्वता म्हणायची, "तुमच्या बुडाखाली इंगळ्या हायेत का जी?" असतील. तिच्या जाण्यानंतर त्या जास्त झाल्या. पहिल्यांदा मी बसलो ते चार वर्षांमागच्या एका हंगामात. चांद्याच्या जुन्या जिनिंगमध्ये, गठाणघरात, तिच्या जागेवर. पिकल्या धानाचा वास आला की तो हंगाम आठवतो.

जिनिंग आता बंद आहे. कापूस वरोऱ्याकडं गेला, मालक कुठं गेला माहीत नाही, शेडा तेवढ्या उभ्या राहिल्या. लाल विटांच्या लांब भिंती, पत्र्याचं छप्पर, आणि माणसाच्या कवेत न मावणारं धुराडं. त्यातून आता धूर निघत नाही, पोपट निघतात. दर रविवारी तिथं बाजार भरतो. पण लोकांनी जागांची जुनी नावं सोडली नाहीत. भाजी कुठं मिळते? रेच्यांच्या, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रांच्या शेडीत. मासळी? बॉयलरखोलीत. बॉयलरचं लोखंडी दार अजून आहे, आत ढिवराच्या बाया टोपल्या सावलीला ठेवतात आणि दारावर एक मांजर नेहमी बसलेलं असतं. धान, तांदूळ, डाळ, मोह, चारोळी हे सगळं गठाणघरात, जिथं पूर्वी कापसाच्या दाबलेल्या गठाणी छपरापर्यंत रचलेल्या असायच्या.

त्या गठाणी मी रचलेल्या आहेत. लग्न नवीन होतं तेव्हा धान निघाल्यावर आम्ही दोघं चार महिने तिथं कामाला जायचो. मी गठाणघरात, पार्वता रेच्यांवर. रेच्यांचा आवाज असा, की शेजारच्या बाईनं बोंब मारली तरी ऐकू येऊ नये. सगळं हातवाऱ्यांवर चालायचं. पार्वता दारातून दोन बोटं दाखवायची, म्हणजे दोन घास खाऊन घ्या. मी मूठ दाखवायचो, म्हणजे आधी काम. भोंगा वाजला की सगळी यंत्रं एकदम थांबायची, आणि मग इतकं शांत व्हायचं की आम्ही दोघं एकमेकांशी बोलायला लाजायचो. संध्याकाळी तिच्या केसांत कापूस असायचा. मी काढत नव्हतो. लोक काय म्हणतील, ही भीती. आज वाटतं, काढायला पाहिजे होता. लोक काहीच म्हणत नसतात, त्यांना आपापलं काम असतं.

पुढं जिनिंग बंद पडली आणि बाजार भरायला लागला, तेव्हा तिनं गठाणघरातच जागा धरली. तिसऱ्या लोखंडी खांबापाशी. जागेवर नाव नसतं, पावती नसते. आपली एक वीट ठेवायची, भिंतीतून निखळलेली. जोपर्यंत माणूस बाजाराला येतो तोपर्यंत ती वीट कोणी हलवत नाही. हंगामात लागोपाठ तीन बाजार चुकले की मात्र शेजारचा माणूस वीट उचलून भिंतीशी ठेवतो आणि जागा दुसऱ्याची होते. हा त्या बाजाराचा कायदा. पार्वता दिवाळीनंतर बसायला सुरुवात करायची ती पावसाच्या तोंडापर्यंत. हातानं कांडलेला तांदूळ, लाखोरीची डाळ, उन्हाळ्यात चिंच. मी कधी तिथं गेलो नाही. बायकोच्या बाजूला टोपली धरून बसायचं म्हणजे काय? माझं काम शेतात. मी तिला मूल गावच्या स्टेशनावर लहान गाडीत बसवून द्यायचो आणि परत फिरायचो. गाडी हलायच्या आत फिरायचो.

त्या वर्षी रोवणी झाली आणि भादव्यात ती तापानं गेली. पाच दिवस. याच्यावर जास्त लिहीत नाही.

धान निघाला. मळणी झाली. घरात मी एकटा. मुलगा चांद्याला कोळशाच्या खाणीत, तो म्हणे, "बाबा, आमच्याकडं चला." गेलो. तीन दिवसांत परत आलो. तिथं अंगण नाही, फिरायचं कुठं? मग गावातल्या एका माणसाबरोबर निरोप आला. चांद्याच्या बाजारात बांगड्या विकणारी रजियाबी म्हणाली होती, "पार्वताबाईची जागा दोन बाजार खाली गेली. कोनाले तरी पाठवा, नाई तर ईट उठते."

मला राग आला. तिच्या विटेला कोण हात लावतो ते बघतो, असं मनात म्हटलं. पण जागेवर बसायचं तर पुढ्यात काही पाहिजे. घरात धानाच्या दोन मोठ्या कोठ्या, आणि आतल्या कोपऱ्यात बांबूची एक लहान कोठी, शेणामातीनं लिंपून तोंड बंद केलेली. फोडली. वर कडुनिंबाचा पाला, खाली काळ्या कुसाचा, टोकाला काळं कुसळ असलेला बारीक धान. पार्वताचा वासाचा धान. मी म्हटलं, चला, मागच्या हंगामातलं हे तिनं बाजारासाठीच बाजूला ठेवलं असणार. कांडायला कोण बसतं? मूलच्या मिलमध्ये नेला, भरडून आणला, सगळाच्या सगळा. आणि रविवारी सकाळी लहान गाडीनं चांदा.

गठाणघरात पाय टाकला आणि चुकल्यासारखं झालं. जिथं यंत्रांच्या आवाजानं छाती हलायची, तिथं आता माणसं भाव करत होती. वरून, भिंतीपासून भिंतीपर्यंत, पट्टे फिरवायचा तो लांब लोखंडी दांडा अजून तसाच जातो. त्याच्या या टोकाला पारवे, आणि मधे रजियाबीनं दोऱ्या बांधून बांगड्यांचे तोडे लटकवलेले. पत्र्याच्या फटीतून ऊन आलं की खालच्या माणसांच्या अंगावर हिरवे-लाल ठिपके हलतात. छपराच्या कैच्यांमध्ये वीस वर्षांपूर्वीचा कापूस अडकलेला आहे. वारा सुटला की एखादा पुंजका खाली येतो, कोणाच्या डाळीत, कोणाच्या पदरावर.

तिसरा खांब. वीट होती. मी टोपली ठेवली आणि शेजारी उभा राहिलो.

"बसा ना भाऊ," रजियाबी म्हणाली.

"ठीक हाय इथी."

"उभ्यानं इकता का? लोकाईले वाटते तुमी टोपली राखून राह्यले, मालक लघवीले गेला."

आजूबाजूच्या बाया हसल्या. मी बसलो. पाच मिनिटांत उठलो. परत बसलो. पण तांदळाचा वास असा सुटला होता की मला काही बोलावंच लागलं नाही. बाया येऊन ओंजळीत घेत, नाकाशी नेत, आणि मापून नेत. दुपारच्या आत टोपली रिकामी. मला अभिमान वाटला, खोटं काऊन सांगू? म्हटलं, तिला संध्याकाळ व्हायची, माझं दुपारीच झालं.

रजियाबीनं टोपलीच्या तळातले चार दाणे उचलले. वास घेतला. मग माझ्याकडं पाहिलं.

"भाऊ, हे कोन्या कोठीतलं?"

"लहान कोठी. लिंपलेली होती."

"वर निंबाचा पाला?"

"हो."

हातातल्या बांगड्या तिनं खाली ठेवल्या. मग म्हणाली, "भाऊ, ते तिचं बी होय. बियाचा धान. तुमी बियाले मिलमध्ये भरडलं?"

मोठ्या कोठ्यांमध्ये जाडा धान होता, रोजच्या खाण्याचा. वासाच्या धानाचं थोडंच बी काढून त्या वर्षी एकच लहान बांधी, बांधातला एवढासा तुकडा, रोवली होती, आणि ती खोडकिड्यानं बसली, लोंब्या पांढऱ्या पडल्या. म्हणजे माझ्या घरात, माझ्या शेतात, त्या धानाचा एकही पेरायजोगा दाणा राहिला नव्हता. तिनं जन्मभर राखलेलं ते मी एका सकाळी विकून टाकलं होतं, आणि वर ऐट करत बसलो होतो.

बी निवडणं हे बाईचं काम. आमच्याकडं सगळीकडंच तसं. कापणीचा विळा बांधीत शिरायच्या आधी ती एकटी आत जायची, फडकं कमरेला बांधून, आणि लोंब्या खुडून आणायची. मी बांधावर उभा राहून म्हणायचो, "लवकर आटप, मानसं खोळंबली." ती कशी निवडते ते मी कधी पाहिलं नाही.

मी तिचं बी संपवलं ते हे दुसऱ्यांदा, हेही सांगून टाकतो. लढाईच्या साली पाऊस मधेच गेला तो आलाच नाही. तेव्हाही अशीच लहान कोठी होती. मी म्हणालो, आधी पोट, मग बी. मी फोडली, तिनं शिजवलं. पण मृगाच्या आधी तिनं कुठून तरी टोपलीभर बी आणलं, तेच काळ्या कुसाचं. मी विचारलं, तर म्हणाली, "माहेराहून." मी पुढं विचारलं नाही. बायकोच्या माहेराहून फुकट काही आलं तर नवरा विचारत नसतो.

रजियाबीनंच वाट सांगितली. म्हणाली, "वैनगंगेपलीकडून एक गोंडाची बाई येते, मैनी. चारोळी पिकली की येते, वैशाखात. या दोघी दरसाल मूठ मूठ बी बदलत होत्या. पार्वताबाई म्हने, एकाच बांधीत राह्यलं की बी थकते. मैनीपाशी असन."

"कोन्या गावची?"

"ते मले का ठाऊक? तिले तर तिसरा खांब ठाऊक हाय."

म्हणजे बसणं आलं. वीट उठली, तिथं दुसरं कोणी बसलं, की मैनी येऊन निघून जाणार. पूस, माघ, फागुन, चैत. मी एकही बाजार सोडला नाही. पुढ्यात कधी लाखोरी, कधी बोरं, कधी नुसत्या चिंचा. विक्रीत लक्ष नव्हतं. दर घटकेला उठायचो, धुराड्यापर्यंत जायचो, परत यायचो. रजियाबी म्हणायची, "भाऊ, तुमच्या फेऱ्याईनं माह्या बांगड्या हालतात." मग बसायचो आणि खांबाकडं पाहायचो. खांबावर हाताच्या उंचीला लोखंड गुळगुळीत झालेलं होतं. उठताना ती तिथं हात धरत असावी. मीही तिथंच धरायला लागलो.

बसलेल्या माणसाला काय काय कळतं. पार्वता दुपारी रजियाबीला लाखोरीची वडी द्यायची आणि तिच्याकडून पान घ्यायची, हे मला तिथं कळलं. माझी बायको पान खात होती! तिच्या हाताचं माप रजियाबीला माहीत होतं. "सव्वादोन," ती म्हणाली, "पन डाव्या हाताले थोडं कमी. रेच्यात बोट दाबलं होतं ना, तवापासून." मला ते बोट माहीत होतं. हात लहान-मोठा होता हे माहीत नव्हतं.

होळी गेली. उन्हानं पत्रा तापायला लागला. बाजार सकाळीच आटपू लागला, तरी मी थांबायचो. मुलगा एकदा ड्युटीवरून येऊन म्हणाला, "बाबा, जाड्या धानाचं बी हाय ना घरी? मंग?" मी म्हणालो, "तू जा."

वैशाखाच्या दुसऱ्या बाजारी एक बाई आली. उंच, वाळकी, हातभर गोंदलेली, डोक्यावर चारोळीची टोपली. सरळ तिसऱ्या खांबापाशी आली, मला पाहून थांबली. मी तिच्या तोंडाकडं नाही, पायाकडं पाहिलं. तिच्या एका पायात तोरडी होती. चांदीची, फाशाजवळ वाकलेली. ती वाकलेली जागा मी ओळखतो. लग्नाच्या पहिल्या वर्षी मीच दगडानं ठोकून सरळ करायला गेलो आणि जास्त वाकवली.

लढाईच्या सालानंतरच्या उन्हाळ्यात पार्वता म्हणाली होती, तळ्याचा गाळ काढताना तोरडी रुतली. मी दोन दिवस त्या गाळात हात घालून शोधली. ती काठावर उभी राहून पाहत होती. नंतर बारा वर्षं मी तिला टोमणे मारले. एका पायाची, म्हणायचो. दुसरी तोरडी तिनं पेटीत ठेवून दिली.

मी उठलो आणि ओरडलो, "हे माह्या बायकोची तोरडी होय! कोनं चोरली?"

गठाणघर गप्प झालं. भोंगा वाजल्यावर व्हायचं तसं. मैनीनं टोपली सावकाश खाली ठेवली.

"तू तिचा बुढा का?"

"हो."

"तेच. ती म्हने, माहा बुढा आधी ओरडते, मंग इचारते." ती माझ्या पुढ्यात उकिडवी बसली. "बाई कुठी हाय?"

रजियाबीनं सांगितलं. मैनीनं पायातल्या तोरडीवर हात ठेवला. मग म्हणाली, "चोरली नाई रे. दुष्काळात तू बी खाल्लं. ती माह्यापाशी आली. म्या म्हनलं, ने, तुहंच होय ते. तर म्हने, बी फुकट नेऊ नये, देनाऱ्याचा हात खाली-रिकामा ठेवू नये, रुजत नाई. दरसाल मूठ द्यायची मुठीले. त्या साली तिच्यापाशी मूठ नव्हती. दोनी काढून देत होती. म्याच म्हनलं, एक पुरे."

मी बसलो. ती काठावर का उभी होती ते मला कळलं. मी गाळात शोधत होतो आणि तिला माहीत होतं की तिथं काही नाही, आणि सांगावं तर मला कळेल की मी खाल्लेलं बी तिनं पायातलं काढून परत आणलं.

"आता म्याच खाल्लं," मी म्हणालो. "परत."

"दुसऱ्यांदा?" मैनीनं विचारलं.

"दुसऱ्यांदा."

ती हसली नाही. रजियाबी हसली, पदर तोंडाला लावून, आणि डोळेही पुसले.

"पुढल्या बाजारी आनतो," मैनी म्हणाली.

पुढच्या बाजारी ती आली नाही. मी दिवसभर धुराडं आणि खांब करत राहिलो. त्याच्या पुढचा बाजार मृगाच्या आधीचा शेवटचा. आभाळ भरून आलं होतं, वाऱ्यानं कैच्यांमधला कापूस सगळीकडं उडत होता, बाया माल झाकून निघत होत्या. मी पेटीतली दुसरी तोरडी धोतराच्या गाठीला बांधून आणली होती. दुपार कलली. रजियाबीनं बांगड्या उतरवल्या. आणि मैनी आली, भिजलेली, डोक्यावर पळसाच्या पानांनी झाकलेली टोपली.

मी वास घेतला. तोच.

गाठ सोडून तोरडी पुढं केली. मैनीनं ती हातात घेतली, उलटसुलट केली, आणि परत माझ्या हातात ठेवली. "हे तिची होय. घरी राहू दे. मले एकाच पायाची सवय झाली, दोन घातल्या तर जंगलात जनावर भेईन." मग तिनं हात पसरला. "पन हात खाली ठेवू नको. तंबाखू हाय का?"

होती. चंचीतून काढून चिमूटभर तिच्या तळहातावर ठेवली. चांदीच्या जागी तंबाखू.

"आता ऐक," ती म्हणाली. "बांधाकाठची लोंबी घेऊ नको. मधात जा. जी पुरी झुकली ते घे. दाना दाताखाली कटकन वाजला पाह्यजे. काळं कूस पाह्य, पांढरं दिसलं तर सोड. आनि सालभरानं मले तुह्या हातची मूठ दे. आनशीन?"

"आनीन."

"तिनं तर कदी चुकवलं नाई," मैनी म्हणाली आणि टोपली रिकामी करून पावसात निघून गेली.

पहिल्या वर्षी मी वाईट निवडलं. मैनीनं मूठ उघडून पाहिली आणि त्यातले अर्धे दाणे पारव्यांना टाकले. दुसऱ्या वर्षी थोडेच टाकले. मागच्या वर्षी एकही नाही, नुसती तंबाखू मागितली.

आज बांधावर कापणारी माणसं विळे घेऊन बसली आहेत. मी फडकं कमरेला बांधून बांधीत उतरलो, एकटा. धान कमरेइतका. काळी कुसं हाताला टोचतात. एक लोंबी धरायची, वळवायची, दाणा दाताखाली घ्यायचा, ऐकायचं. या कामात घाई करता येत नाही. मागून कोणीतरी ओरडलं, "बुढाजी, आटपा ना, मानसं खोळंबली!" मी पुढची लोंबी धरली. माझेच शब्द होते ते.

फडकं भरून अंगणात आलो. मूठभर वेगळं काढलं आणि चिंधीत बांधलं. सून पाहत होती.

"कोनासाठी, मामाजी?"

"मैनीसाठी. रविवारी चांद्याले जातो."

"ते तर वैशाखात येते म्हनले ना तुमी?"

"वैशाखातच येते."

"मंग आत्ताच काऊन जाता?"

मी चिंधीची गाठ आणखी एकदा आवळली.

"बसाले."